टॉकीजचे ऑपरेटर काका, त्या न लागलेल्या थपडेबद्दल

ती. काका,
सा. न.

परवा वाचनालयात जुने नट-दिग्दर्शक मास्टर भगवान यांच्यावर बोललो, तेव्हा तुम्ही मागच्या बाकावर होता आणि संपताच गुपचूप निघून गेलात. आभार चार लोकांसमोर मानायचे होते. ते राहिले, म्हणून हे उघड पत्र.

माझं पहिलं टिपण आठवतंय ना? गिरणी कामगाराचा पोरगा, स्वतःही गिरणीत राबलेला. मूकपटात शिरला, स्टंटपटांत हाणामाऱ्या केल्या, १९३८ साली 'बहादूर किसान'चं सहदिग्दर्शन, १९५१ साली 'अलबेला', मग पडझड आणि शेवटी दादरची चाळ. एकेकाळी मिलच्या भोंग्यावर उठणाऱ्या आपल्या सोलापूरला गिरणीचा धागा भिडेल, एवढीच माझी हुशारी.

तुम्ही कागद वाचून खाली ठेवलात आणि विचारलंत, "ललिताबाईंची थप्पड कुठाय रे?"

ती मी मुद्दाम गाळली होती. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांचा हात ललिता पवारांना खरोखरच जोरात बसला. चेहऱ्यावरून वारं गेलं, डावा डोळा कायमचा अधू झाला, नायिकेच्या भूमिका गेल्या. गौरवाच्या भाषणात हे कशाला?

तुम्ही मला टपरीसमोर उभं केलंत आणि हात उगारलात. तो माझ्या गालापासून चार बोटांवरून सपकन गेला, त्याच क्षणी दुसऱ्या हातानं तुम्ही मांडीवर फाडकन आवाज काढलात. चहावाला किटली घेऊन दचकला. मी तर डोळेच मिटले होते. "मान तू फिरवायची. कॅमेरा माझ्या पाठीमागं. मारणारा चुकला तर मार खाणाऱ्याचं आयुष्य जातंय, हे सांगणार नसशील तर स्टंटवर बोलू नको."

घरी येऊन मधली दोन पानं फाडली. त्यानंतर 'अलबेला'तला नाचही वेगळाच दिसला. पैलवानी अंगाचा माणूस, पण खांदे, मनगटं आणि अर्ध्या पावलावर भागवतो. हात कुठं थांबवायचा हे त्याला पक्कं कळलं होतं, असं मी बोलून गेलो. तो माझा तर्क. तुम्ही मान हलवलीत, ती होकाराची की नकाराची ते कळलं नाही.

तुमचं 'अलबेला'चं शोकार्ड, म्हणजे टॉकीजबाहेर लावायचं ते जाहिरातीचं चित्र, रविवारी आणून देतो. कोपऱ्याची घडी आधीचीच आहे, माझी नाही.

तुमचा,
तिसऱ्या रांगेतून फुकट पिक्चर बघणारा