साधन कोणतेही, निरीक्षण हवेच

महोदय,

पांढरी चिप्पी हा २०२०पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. तिची फुले रात्री उमलतात. सकाळी पाहावे तर पुंकेसर गळून चिखलात पडलेले. असे फूल चितारायला कोणी कागद-जलरंगांऐवजी टॅब्लेट घेतला, तर नाक मुरडू नये. चुकलेली रेघ कागद न खरवडता पुसता येते, हे थोडे नाही. मात्र फोटो गिरवणे म्हणजे वनस्पतिचित्रण नव्हे. फूल उभे कापून भिंगाखाली पाहणे, डिव्हायडरने माप घेणे, फळाला चिकटून राहिलेला चांदणीसारखा निदलपुंज (फुलाचे बाहेरचे आवरण) नेमका दाखवणे, हे कष्ट जलरंगाइतकेच पडद्यावरही घ्यायला हवेत. ठाणे-नवी मुंबईतील महाविद्यालयांनी प्रात्यक्षिकांत दोन्ही पद्धती शिकवाव्यात आणि सुरुवात खाडीकाठच्या झाडांपासून करावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ऐरोली