अतिदक्षता विभागातील चुकलेल्या डोसविषयी आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी अनेक वर्षे अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम करीत आहे आणि हे पत्र एका लहानशा इंजेक्शनविषयी लिहीत आहे. गंभीर रुग्णाच्या पायातील खोल शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटाच्या कातडीखाली दिले जाणारे हेपारिन आमच्याकडे इतके किरकोळ समजले जाते की, एखादा डोस राहून गेला तरी पाळी बदलताना त्याचा उल्लेख होईलच अशी खात्री नसते.

रक्तप्रवाह मंदावणे, शिरेच्या आतील अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे ही गुठळीची तीन कारणे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. गुंगीच्या औषधाखाली व्हेंटिलेटरवर निश्चल पडलेल्या, मानेतील मोठ्या शिरेत नळी घातलेल्या आणि जंतुसंसर्गाशी झुंजणाऱ्या रुग्णात ही तिन्ही एकाच वेळी हजर असतात. त्यातच, पोटरी दुखते आहे हे तो सांगू शकत नाही. ती गुठळी सुटून फुप्फुसात अडकली आणि ऑक्सिजन अचानक घसरला, तर पहिला संशय बहुधा न्यूमोनियावर जातो.

आमच्या विभागातील एका रुग्णाची ट्रेकिओस्टोमी, म्हणजे श्वासासाठी गळ्यातून श्वासनलिकेत छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया ठरली, म्हणून आदल्या रात्रीचा हेपारिनचा डोस थांबवला गेला. तो निर्णय योग्यच होता. शस्त्रक्रिया नीट पार पडली, पण इंजेक्शन पुन्हा कधी सुरू करायचे हे कोणीच लिहिले नव्हते, आणि तीन दिवस ते कोणी विचारलेही नाही. विचारायला हवे होते ते आम्ही, कारण औषधांचा तक्ता दर पाळीत आमच्याच हातात असतो. रुग्णाच्या मांडीवर सूज दिसली तेव्हा गुठळी झालेली होती. ते तीन दिवस मी विसरू शकलेले नाही.

इंजेक्शन कसे टोचायचे हे आम्हाला शिकवले जाते, ते कशासाठी आहे हे मात्र पुरेसे शिकवले जात नाही, आणि अनेक गैरसमज तिथूनच निघतात. यकृताच्या रुग्णाचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा चाचणीतील आकडा, वाढलेला दिसला की रक्त आपोआप पातळ आहे असे धरले जाते, परंतु अशा रुग्णालाही गुठळी होते. पाय आवळून धरणारे लांब मोजे चढवले की काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात पक्षाघाताच्या निश्चल रुग्णांवरील 2009 च्या मोठ्या चाचणीत त्या मोज्यांनी गुठळ्या कमी झाल्या नाहीत, उलट त्वचेच्या जखमा वाढल्या. रक्तस्रावाच्या भीतीने हेपारिन देता येत नाही, तेव्हा पायांवर हवेचा दाब देणारे यंत्र लावतात, पण आंघोळीसाठी काढलेले ते यंत्र कित्येकदा खाटेच्या कडेलाच लटकत राहते. एनॉक्सापारिन या हेपारिनच्याच एका प्रकाराचा नेहमीचा 40 मिलिग्रॅमचा डोस मूत्रपिंड निकामी होत असताना कमी करावा लागतो, आणि हेपारिन सुरू केल्यावर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास प्लेटलेट निम्म्याने घसरल्या तर डॉक्टरांना तातडीने कळवावे लागते, हेही खाटेजवळ उभ्या असलेल्या माणसाला माहीत असायला हवे.

इंग्लंडमध्ये 2010 पासून, दाखल होणाऱ्या किमान 90 टक्के प्रौढ रुग्णांच्या गुठळीच्या धोक्याचे मूल्यमापन व्हावे असे उद्दिष्ट सरकारी रुग्णालयांना घालून दिले गेले. असा नियम आपणही करावा, परंतु माझ्या मते तेवढ्याने भागणार नाही, कारण अर्ज भरला म्हणजे डोस दिला गेला असे होत नाही.

म्हणून माझी विनंती अशी की, अतिदक्षता विभागातील प्रत्येक रुग्णाच्या गुठळीच्या आणि रक्तस्रावाच्या धोक्याची नोंद दाखल होतानाच नव्हे, तर रोजच्या राउंडमध्ये व्हावी. आणि डोस थांबवणाऱ्याने थांबवण्याचे कारण व पुन्हा सुरू करण्याची वेळ त्याच ओळीत लिहावी, ही सक्ती असावी. प्रशिक्षण वर्षातून एकदा सभागृहात उरकण्याऐवजी खाटेजवळ, खऱ्या तक्त्यावर व्हावे आणि त्यात परिचारिकांबरोबर निवासी डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट व औषधनिर्माते यांनाही बसवावे. “आज हेपारिन का नाही?” असे वरिष्ठ डॉक्टरांना विचारणे हे परिचारिकेचे कर्तव्य आहे, असे आपल्या आदेशात स्पष्ट शब्दांत यावे, कारण तसे लेखी असल्याखेरीज नवी मुलगी रात्रपाळीत हा प्रश्न विचारायला धजत नाही. आणि प्रत्येक रुग्णालयाकडून दरमहा न दिलेल्या डोसांची संख्या कारणांसह मागवावी. ही माहिती गोळा करण्याचे काम आमच्या विभागापासून सुरू करण्यास मी तयार आहे.

आपली विश्वासू,
अतिदक्षता विभागातील एक परिचारिका