कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वायरिंगवाल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले तेव्हा तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन ठेवून दिलात. माझं काही तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून हे चारचौघांसमोर लिहितोय. गाडीत वायरलेस सेट बसवायच्या खटपटीत असलेल्यांच्याही ते कामी येईल.

2019च्या ऑगस्टात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, चिखली-आंबेवाडी पाण्यात गेली, ते तुम्ही इथंच राहून पाहिलंय. वीज गेली की मोबाइलचे टॉवर डिझेल असेपर्यंतच तग धरतात. म्हणून आम्ही हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना असलेल्या दोघातिघांनी बोलेरोत दोन सेट कायमचे बसवायचं ठरवलं. एक 144 मेगाहर्ट्झचा, 50 वॅटचा, गावातल्या आणि नावेवरच्या माणसांशी बोलायला. दुसरा 7 मेगाहर्ट्झचा, 100 वॅटचा, पुण्या-मुंबईपर्यंत निरोप पोचवायला.

पहिलं फिटिंग दुसरीकडे करून घेतलं होतं. इंजिन सुरू केलं की स्पीकरमधून शिट्टी यायची आणि रेस वाढवली की तीही चढायची. मोठ्या सेटवर बोलायला बटण दाबलं की तो बंद पडायचा. दोन्ही सेटचे आवाज एकाच स्पीकरला जोडले होते, आणि वायर वाचवायला त्याची एक तार बॉडीला अर्थ केली होती. आमच्या छोट्या सेटच्या स्पीकरच्या दोन्ही तारांवर आवाजाचा करंट असतो, त्यातली एकही अर्थला चालत नाही. व्हायचं तेच झालं, आतला ऑडिओ आयसी, म्हणजे आवाजाची चिप, जळाला. तुमच्याकडे आलो तेव्हा जून तोंडावर होता आणि मला रात्री झोप लागत नव्हती.

वायरलेस सेट तुम्ही त्याआधी कधी उघडला नव्हता, तसं तुम्ही पहिल्यांदाच सांगितलंत. मग एवढंच विचारलंत, "बोलताना किती अँपिअर घेतोय ह्यो?" मी म्हणालो, मोठा 22, छोटा 11-12. मी मीटर लावून बारा व्होल्ट दाखवायला लागलो, तर तुम्ही माझा हात धरलात. "सेट गप असताना मोजून काय कळणार? बोलता ठेवा त्याला." अँटेनाच्या जागी डमी लोड, म्हणजे सेटची ताकद हवेत न सोडता जिरवणारा डबा, लावून मी बटण दाबून धरलं. बॅटरीवर 13.6 आणि सेटच्या मागं 11.2! वर्षभर मी ज्या सेटला नावं ठेवत होतो, तो बिचारा उपाशी होता. फ्यूज बॉक्समधून काढलेली अडीच एमएमची वायर त्याला पुरतच नव्हती.

पुढचे दोन दिवस मी तुमच्या स्टुलावर बसून होतो. बॅटरीपासून 10 एमएमच्या दोन वायरी तुम्ही थेट आणल्यात, पत्र्यातून आत येताना रबरी ग्रोमेट घातलात. 40 अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर बसवलात, कारण वायर मध्येच घासून शॉर्ट झाली तर सेटजवळचा फ्यूज काय कामाचा? मग सीटखाली दोन सेटना दोन वेगळे फ्यूज, 25 आणि 15चे.

अर्थचं काम तर मी कधी विसरणार नाही. आधी दोन्ही सेटचे अर्थ दोन ठिकाणी होते, शिट्टीचं मूळ तिथंच होतं. तुम्ही ते एकाच बोल्टवर आणलेत. त्याआधी कानशीनं रंग खरवडून रुपयाएवढा पत्रा चकचकीत केलात, दातेरी वॉशर घातला, बोल्ट कसला, वरून बोटानं व्हॅसलीन फिरवलंत. मग इंजिन सुरू करून रेस दिलीत आणि स्पीकरला कान लावून बसलात. शिट्टी गेली होती. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसती मान हलवलीत.

स्पीकर दोन, दोन सेटचे दोन, दोघांच्याही तारा बॉडीपासून लांब. पण ते गाडीच्या डाव्या-उजव्या खांबावर लावायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "अंधारात कोण बोलतंय ते कानानंच कळाया पाहिजे." आता डावीकडून आवाज आला की पुणे, उजवीकडून आला की नाव. हात आपोआप बरोबर माइककडे जातो, नजर रस्त्यावर राहते. एवढी साधी सोय मला एकाही मॅन्युअलमध्ये सापडली नव्हती.

इंजिन बंद ठेवूनही सेट चालायला हवेत म्हटल्यावर तुम्ही डॅशबोर्डवर छोटा व्होल्टमीटर बसवून दिलात. 12.2 दिसलं की गाडी सुरू करायची, हा तुमचा नियम गाडीतला प्रत्येक जण पाळतो.

आठ दिवस खडबडीत रस्त्यावर फिरवून गाडी परत आणा म्हणालात, ते तेव्हा जास्तीचं वाटलं होतं. आणली, तर बॅटरीवरचा एक लग, म्हणजे वायरीच्या टोकाची कडी, खरंच अर्धा आटा सैल झाला होता. तो कसल्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, पण सैल झालेला लग मला हातानं हलवून दाखवलात. ते बरं केलंत.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांचा इशारा आला की आम्ही गाडी बाहेर काढतो. मागच्या पावसात दोन रात्री दोन्ही सेट चालू होते, एकदाही शिट्टी नाही, एकदाही सेट बंद पडला नाही. दुसऱ्या रात्री उजव्या स्पीकरमधून नावेवरच्या पोरानं "सगळे वर आले" म्हणून सांगितलं. ते जसंच्या तसं मी डाव्या सेटवर पुढं दिलं, आणि तेव्हा तुमची फार आठवण झाली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात गाडी घेऊन येतो. लग तपासायचेत, आणि मागच्या बंपरवरच्या अँटेनाच्या केबलला पाणी लागतंय असं वाटतंय, तेही बघू.

तुमचा,
बोलेरोवाला