चौकात जिराफ, माळावर लांडगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुशोभीकरणाच्या नावाखाली मराठवाड्यात गावोगावच्या बागांत आणि चौकांत प्राण्यांचे पुतळे बसू लागले आहेत. आमच्या भागातल्या एका बागेत अलीकडेच फायबरचा जिराफ, झेब्रा आणि पाणघोडा आले. कचऱ्यासाठी आ वासलेला पेंग्विन आधीपासून होताच. पोरं खूश आहेत, फोटो काढताहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण फलकावर लिहिलंय ‘वन्यजीव वाचवा’. बालाघाटाच्या डोंगरात राहून आपण झेब्रा कसा वाचवायचा?

ज्यांना वाचवणं आपल्या हातात आहे, त्यांचा मात्र पत्ता नाही. काळवीट नाही, लांडगा, खोकड, तरस नाही, आणि माळढोक तर नाहीच. माळढोक उभा राहिला की मीटरभर उंच, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. देशभरच्या मोकळ्या रानात हे पक्षी आता दीडशेही उरलेले नाहीत आणि उरलेत त्यातले बहुतेक राजस्थानात. त्यांच्यासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं ते सोलापूरजवळच्या नान्नजचं, म्हणजे धाराशिव जिल्ह्याच्या शेजारचंच. उडताना समोरचं त्याला नीट दिसत नाही आणि अंग जड, त्यामुळे ऐनवेळी वळता येत नाही. म्हणून विजेच्या तारांवर आदळून तो मरतो. एसटी स्टँडसमोर खऱ्या मापाचा एक माळढोक उभा करा आणि त्याच्या डोक्यावरून तार जाऊ द्या. फलकाची गरजच पडणार नाही.

वाघाचं नशीब वेगळं. 2024 च्या डिसेंबरात यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ येडशी रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात दिसला आणि सगळा जिल्हा त्याच्याविषयीच बोलत होता. त्याआधी 2021 मध्ये असाच एक गौताळा अभयारण्यात आला होता. लांडगा इथं पिढ्यान् पिढ्या राहतो, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, पण शेळी मारल्याशिवाय त्याची बातमी होत नाही. तो ज्या गवताळ माळावर जगतो, त्याला आपण ‘पडीक’ म्हणतो आणि पहिला प्रकल्प तिथंच नेतो.

पुतळे फायबरचेच हवेत असंही नाही. आपल्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत त्यांचा रंग उडतो, मग झेब्रा आणि गाढव यांत फारसा फरक राहत नाही. निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासी कारागिरांनी घाणेरीच्या काड्यांपासून खऱ्या मापाचे हत्ती विणले. जंगल गिळणारी तीच घाणेरी, आपल्याकडे टणटणी म्हणतात ती. ते हत्ती 2021 मध्ये लंडनच्या बागांत उभे राहिले, 2024 मध्ये अमेरिकेत फिरले. माणसानं हत्तीसोबत जागा वाटून घ्यावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. घाणेरी आपल्या डोंगरांतही माजली आहे. ती तोडायची आणि तिचाच लांडगा करायचा, यात खर्च कमी आणि दोन कामं एकदम.

आणि हात आपल्याकडे नाहीत असं कोण म्हणेल? वेरूळच्या कैलासाचा चौथरा दगडी हत्तींनी पेलला आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबावर चार हरणांना मिळून एकच डोकं आहे, कुठल्याही हरणाचं समजून पाहा, बसतंच. हरीण रोज पाहणाऱ्यालाच हे सुचतं. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे. कंत्राटदाराच्या कॅटलॉगातून जिराफ निवडण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांना एकदा विचारायला काय हरकत होती?

आता शेतकरी म्हणेल, आमचं कोवळं सोयाबीन हरणांनी फस्त केलं आणि तुम्ही त्यांचे पुतळे उभारता? हा प्रश्न टाळून प्राण्यांवर प्रेम करा असं शहरातून सांगणाऱ्यांचं मला फारसं कौतुक नाही. रात्रभर बॅटरी घेऊन रान राखणाऱ्याला ते ऐकवतही नाही. म्हणूनच पुतळा बागेत नको, आठवडी बाजारात किंवा बाजार समितीच्या दारात हवा. काळविटाच्या चौथऱ्यावर पीक नुकसानीचा अर्ज वन विभागाकडे कुठे आणि कसा करायचा ते लिहा. कठडा नसलेल्या विहिरीत हरणं पडतात तेही लिहा. आणि वन विभागाचा 1926 हा हेल्पलाइन क्रमांक लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहा. विहिरीत काळवीट पडलं की गावात पहिला अर्धा तास फोन कुणाला लावायचा हे ठरवण्यातच जातो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. धाराशिव