अर्ज चाळणीत कुठे अडकतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्या असोत की चाकण-रांजणगावचे कारखाने, आलेल्या अर्जांची पहिली छाननी आता अनेक ठिकाणी सॉफ्टवेअर करते. त्याला आमचा विरोध नाही. एका जागेला चारशे अर्ज आले तर दोन माणसांकडून ते नीट वाचून होत नाहीत, हे आम्ही भरतीच्या कामात रोज पाहतो. आमचे म्हणणे क्रमाबद्दल आहे. कार्यालये यंत्राकडे आधी नकार सोपवतात आणि उमेदवाराला कळवण्याचे काम वेळ उरला तर करतात. हे उलटे हवे. पोच देणे, आठवण करणे, निकाल कळवणे आधी यंत्राकडे द्यावे. अर्जांचा क्रमही त्याने लावावा. बाद मात्र माणसानेच करावे.

कारण बाद करण्याचे नियम लिहितानाच घोडे पेंड खाते. साधे उदाहरण पिनकोडचे. ‘उमेदवार पुण्याचाच हवा’ म्हणून ४११ने सुरू होणारे पिन तेवढे घ्या, असा नियम लावला जातो. चाकणचा पिन ४१०५०१ आहे आणि वाघोलीचा ४१२२०७. म्हणजे चाकणच्या कारखान्यासाठी अर्ज करणारा, चाकणमध्येच राहणारा फिटर ‘बाहेरगावचा’ म्हणून गळतो आणि कात्रजहून दोन तास प्रवास करणारा आत येतो. पिन विचारण्यापेक्षा ‘कंपनीच्या बसच्या कोणत्या थांब्यावर चढाल’ असे विचारून थांब्यांची यादी द्यावी.

दुसरी चूक जास्त नुकसान करते. दहावीनंतर पॉलिटेक्निक करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणारी मुले महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्यांची बारावी झालेलीच नसते. फॉर्ममध्ये बारावीच्या टक्क्यांचा रकाना सक्तीचा असतो, तो भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. मुलगा नाइलाजाने शून्य भरतो. पलीकडे नियम असतो, ‘दहावी, बारावी, पदवी, सगळीकडे किमान ६० टक्के’. शून्य साठहून कमी, अर्ज बाद. वर्कशॉपमध्ये तीन वर्षे हात काळे केलेला, म्हणजे खरे तर हवा तोच उमेदवार, असा जातो आणि का गेला हे कुणालाच कळत नाही. ‘बारावी किंवा डिप्लोमा’ असा एकच रकाना केला की प्रश्न मिटतो. दहापैकी ७.८ श्रेणीगुण असलेल्यांचेही हेच होते. टक्क्यांच्या रकान्यात ७.८ लिहिले की यंत्र ते आठ टक्क्यांहून कमी समजते. संख्या दहाच्या आत असेल तर ‘हे टक्के की श्रेणीगुण?’ असे फॉर्मनेच विचारावे.

नावांचा घोळ वेगळा. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झाले. रिझ्युमेत कुणी जुने नाव लिहितो, कुणी पूर्ण नवे, कुणी नुसते ‘एसपीपीयू’. यंत्राला समानार्थी नावांची यादी दिली नाही तर त्याच्या लेखी ही तीन विद्यापीठे होतात. तीच गोष्ट पदांच्या नावांची. ही यादी एचआरने एकट्याने करू नये, त्या खात्याच्या सुपरवायझरला शेजारी बसवावे.

रिझ्युमे यंत्राला वाचता येतो का, हे उमेदवारालाही घरी पाहता येते. पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावा. तिथे तो सरळ, ओळीने वाचता आला तर बहुतेक यंत्रेही तो वाचू शकतात. दोन उभ्या रकान्यांचा रिझ्युमे असेल तर डावी-उजवी वाक्ये एकमेकांत मिसळलेली दिसतील. युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केला असेल तर रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसेल. मोबाइलने काढलेल्या फोटोची पीडीएफ असेल तर बहुधा काहीच कॉपी होणार नाही.

नवी चाळणी लावण्यापूर्वी एक चाचणी प्रत्येक कंपनीने करावी. आज चांगले काम करत असलेल्या पन्नास जणांचे नोकरीला लागण्याआधीचे रिझ्युमे तिच्यातून घालावेत. त्यातले पाच जरी बाद झाले तरी दोष चाळणीचा धरावा. त्यानंतर दर आठवड्याला बाद ठरलेल्यांतले कोणतेही वीस अर्ज माणसाने उघडून वाचावेत. शिवाय पुरुष आणि स्त्रिया यांचे निवडीचे प्रमाण मांडून पाहावे. अमेरिकेत १९७८ मध्ये चार-पंचमांशाचा ढोबळ निकष ठरला: एका गटाचे निवडीचे प्रमाण दुसऱ्याच्या चार-पंचमांशाहून, म्हणजे ०.८ पटीहून, कमी नको. शंभर पुरुषांतले ४० आणि शंभर स्त्रियांतल्या २८ पुढे गेल्या, तर २८ भागिले ४० म्हणजे ०.७. हे ०.८ पेक्षा कमी, म्हणून प्रत्येक नियम तपासायचा. आमचा पहिला संशय ‘नोकरीत खंड नको’ या अटीवर असतो, कारण बाळंतपणानंतर परतणाऱ्या स्त्रिया तिथे गळतात. जुन्या निवडींवरून शिकणारे यंत्र जुना पक्षपातही शिकते. अॅमेझॉनने आपले असे प्रायोगिक साधन याच दोषामुळे सोडून दिल्याची बातमी २०१८ मध्ये जगभर छापून आली होती.

आता संपर्काचे. अर्ज मिळाल्याची पोच काही मिनिटांत जावी. तिच्यात पदाचे नाव, पुढचा टप्पा आणि कोणत्या तारखेपर्यंत कळेल, एवढे असावे. मुलाखतीची आठवण आदल्या दिवशी आणि दोन तास आधी द्यावी, त्यात गेट क्रमांक आणि आणायची कागदपत्रे असावीत. नकार सात दिवसांत कळवावा, पण यादीवर माणसाने होकार दिल्यानंतर आणि चोवीस तास थांबून. दोनशे नावे चुकून दुसऱ्या रकान्यात सरकली तर दोनशे जणांना नकार जातो आणि गेलेला संदेश परत घेता येत नाही. उमेदवाराने उत्तर दिले की त्याच्यापुरती संदेशांची मालिका तिथल्या तिथे थांबायला हवी. नाहीतर होकार कळवलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी ‘आपण अद्याप कळवले नाही’ असे जाते.

तांत्रिक बाजूला दोन ठिकाणी पाय घसरतो. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात, देवनागरीत ७० आणि काना-मात्राही त्यात धरल्या जातात. त्याहून लांब संदेशाचे ६७-६७चे तुकडे होतात आणि पैसे प्रत्येक तुकड्याचे लागतात. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार संदेशाचा मसुदा डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक संदेशांच्या नोंदणी प्रणालीवर, नोंदवावा लागतो. पाठवलेला मजकूर त्याच्याशी जुळला नाही तर ऑपरेटर संदेश अडवतो, पण भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पाठवला’ अशी खूण दिसू शकते. मग मुलाखतीला न आलेल्या मुलाला बेजबाबदार ठरवले जाते. त्याला निरोपच मिळालेला नसतो. म्हणून ‘पाठवले’ हा आकडा न पाहता ‘पोहोचले’ हा पाहावा. व्हॉट्सअॅपच्या व्यावसायिक सेवेत उमेदवाराच्या शेवटच्या संदेशानंतर चोवीस तासच मोकळेपणी लिहिता येते, पुढे फक्त मंजूर मसुदा चालतो. ‘मुलाखत पुढे ढकलली’ हा मसुदा आधीच मंजूर करून ठेवावा.

वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३च्या कायद्यात संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे. उमेदवाराला संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे हवे. पुढच्या जागांसाठी माहिती ठेवायची असेल तर त्याची संमती वेगळी मागावी.

ऑफर आणि रुजू होणे यांमधला नोटिशीचा काळ आयटीत अनेकदा साठ ते नव्वद दिवसांचा असतो. या काळात यंत्राने उमेदवाराला संदेश पाठवत बसू नये, दर पंधरा दिवसांनी रिक्रूटरला आठवण करावी आणि फोन रिक्रूटरने स्वतः करावा. आणि पहिल्या पोचेपासून ऑफरपर्यंत प्रत्येक संदेशाखाली एक ओळ असावी, ‘ही कंपनी कोणत्याही टप्प्यावर उमेदवाराकडून पैसे घेत नाही.’ बनावट नोकरीच्या नावाखाली अनामत मागणाऱ्यांचे संदेश त्याच फोनवर येत असतात.

आपले,
भरतीच्या कामातील काही जण, पुणे