डबीचे चित्र खऱ्या मापात छापा

संपादक महोदय,

अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या सोन्याच्या तपकिरीच्या डब्यांची पूर्वचित्रे (डबी घडवण्याआधी काढलेली नमुनाचित्रे) छापताना ती पानभर मोठी करतात, हे खटकते. ही चित्रे बहुधा डबीच्याच मापाची असत. निदान मूळ माप तरी खाली द्यायलाच हवे.

झाकण, तळ आणि कडेची पट्टी यांचे आराखडे वेगवेगळे काढत. खरी मेख पट्टीत आहे. ८ बाय ६ सेंमीच्या लंबगोल डबीचा परीघ सुमारे २२ सेंमी भरतो. वेलबुट्टी त्यात नेमकी बसली नाही, तर बिजागरीपाशी फूल अर्धेच कापले जाते.

कधी एकाच झाकणाच्या डाव्या-उजव्या अर्ध्यांत दोन वेगळ्या नक्ष्या दिसतात. ती चूक नव्हे. गिऱ्हाइकाने त्यातली एक निवडायची असे. चित्रातले रंगही नुसते शोभेसाठी नसतात. सोन्याच्या नक्षीतली तांबूस छटा म्हणजे तांबे मिसळलेले सोने, हिरवट म्हणजे चांदी मिसळलेले. मीनाकामाचा रंग मात्र भट्टीत बदलतो, तो कागदावरून पुरता ताडता येत नाही. म्हणून जिथे तयार डबी उपलब्ध आहे, तिथे तिचा फोटोही शेजारी, त्याच मापात द्यावा.

– एक वाचक, पुणे