पालकांसाठी सूचना : लहान मुलांची वाढलेली साखर

डिचोलीतील आपल्या बालवाडीत येत्या रविवारी सकाळी १० वाजता बालरोगतज्ज्ञ टाइप १ मधुमेहावर बोलणार आहेत. प्रत्येक घरातून एकाने तरी यायचेच. मूल आजी-आजोबा सांभाळत असतील तर त्यांना नक्की आणा.

तोवर एवढे लक्षात ठेवा :

• मूल सारखे पाणी मागते, वजन उतरते, अंथरूण ओले करण्याची सुटलेली सवय पुन्हा लागते? त्याच दिवशी बोटातून रक्त घेऊन साखर तपासा. उपाशीपोटीची वाट पाहू नका. २००च्या वर आली तर लगेच रुग्णालय गाठा.

• उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, गुंगी : हा कीटोॲसिडोसिस (इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साठणे) असू शकतो. १०८ला फोन करा. पोट बिघडले असेल म्हणून घरी थांबू नका, फसगत नेमकी इथेच होते. जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या मुलाची लघवी कमी होते. इथे मात्र मूल सुकत असतानाही डायपर भरतच राहतो.

• उपचारात साखर हळूहळूच उतरवतात, कारण झटकन उतरवली तर मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. डॉक्टरांना घाई करू नका.

• मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका.

इन्सुलिन घेणाऱ्या मुलांच्या पालकांनी शनिवारपर्यंत बाईंना कळवावे.